हितसंबंध

गेल्या संक्रांतीच्या दिवशीं सायंकाळीं माझी एक जुनी विद्यार्थिनी तिळगूळ घेऊन घरीं आली. ती बी. ए.च्या वर्गांत असतांना मीं तिला इंग्रजी निबंध शिकविले होते. आतां ती आमच्या नगरपालिकेची सभासद आहे. चार वर्षें प्रशासकाच्या हातीं असलेल्या नगरपालिकांच्या निवडणुका २०२५ च्या डिसेंबरांत एकदांच्या झाल्या, आणि त्यांत आमच्या प्रभागानें तिला निवडून दिलें. तिळगूळ झाला, चहा झाला, निवडणुकींतल्या गमती सांगून झाल्या. तरी ती उठेना. शेवटीं बशींतला हलवा बोटानें चाळीत म्हणाली, "सर, एक विचारायचें होतें. आमचें दुकान ह्यांच्या नांवावर आहे. तें दिराच्या नांवावर करून घेतलें म्हणजे पुरे ना?"

तिच्या यजमानांचें नळ, पाइप आणि लोखंडी सामानाचें दुकान आहे, आणि पाणीपुरवठा खात्याकडे तेथूनच बरेंचसें सामान वर्षानुवर्षें जातें, हें गांवांत सर्वांस ठाऊक आहे. प्रश्न कायद्याचा होता, आणि मी कांहीं कायद्याचा माणूस नव्हे. परंतु या एका कलमाशीं माझी ओळख फार जुनी आहे. इतकी जुनी कीं, तें पुस्तकांत वाचण्याच्या आधीं मीं तें आमच्या घरांत पाहिलें. मीं तिला म्हटलें, "दोन दिवसांनीं ये. पाहून सांगतों."

त्या रात्रीं कायद्याचें पुस्तक काढून बसलों. महाराष्ट्रांतील नगरपरिषदांचा कायदा १९६५ सालचा. त्याच्या सोळाव्या कलमांत सभासद होण्यास कोण अपात्र, याची यादी आहे. आणि निवडून आल्यावर कोणकोणत्या कारणांनीं जागा जाते, तें चव्वेचाळिसाव्या कलमांत सांगितलें आहे. नगरपालिकेच्या हुकुमानें झालेल्या कामांत, किंवा तिच्याशीं झालेल्या करारांत, ज्याचा स्वतः अथवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध असेल, त्यास सभासद होतां येत नाहीं. आणि झाल्यावर तसा संबंध उत्पन्न झाला, तर सभासद राहतां येत नाहीं. व्यवहारांत नफा झाला कीं तोटा, नगरपालिकेचें नुकसान झालें कीं फायदा, याची चौकशी हें कलम करीत नाहीं. संबंध होता कीं नव्हता, एवढेंच तें विचारतें.

हें कलम मूळचें आपल्याकडचें नव्हे. १८३५ पूर्वीं इंग्लंडांतील कितीतरी शहरांचा कारभार मूठभर लोकांच्या हातीं असे. ते आपल्यांतूनच आपले वारस निवडीत, शहराच्या जमिनी आपसांत हलक्या भाड्यानें घेत, आणि शहराच्या पैशानें मेजवान्या झोडीत. १८३५ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स ॲक्टानें ही व्यवस्था मोडली, आणि त्याच कायद्यानें शहराशीं मक्त्याचा संबंध असणारास सभासदत्वाची बंदी केली. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८ मे १८८२ चा. त्या काळांत आपल्याकडे नगरपालिकांचे जे कायदे झाले, त्यांतून ही बंदी आपल्या गांवांपर्यंत येऊन पोंचली. मुंबई शहराच्या १८८८ च्या कायद्यांत ती आहे, आणि तो कायदा अद्यापि चालू आहे.

इंग्रजींतील 'इंटरेस्ट' या शब्दाच्या पोटांत व्याज, आस्था आणि स्वार्थ असे तीन अर्थ सुखानें नांदतात. आमच्या भाषांतरकारांनीं त्याचा 'हितसंबंध' केला. हित हा शब्द चांगला, संबंध हाही शब्द चांगला. पण दोन भल्या माणसांची भागीदारी कधीं कधीं जशी दिवाळखोरीस जाते, तशी या दोन शब्दांची जोडी कचेरीची पायरी चढतांच आरोप होऊन बसली. हा शब्द मीं प्रथम ऐकला तो आईच्या तोंडून, आणि तिनें तो आरोप म्हणूनच ऐकला होता.

आमच्या वडिलांचा — आम्ही त्यांस अण्णा म्हणत असूं — पेठेंत लहानसा छापखाना होता. एक ट्रेडल, खिळ्यांच्या पेट्या, कागद कापण्याचें यंत्र आणि दोन कंपोझिटर, एवढाच त्याचा संसार. लग्नपत्रिका आणि हस्तपत्रकें हें हंगामी काम. बारमाही काम नगरपालिकेचें. त्या काळीं गांवांत शिरणाऱ्या मालावर जकात असे आणि नाक्यावर पावत्या फाटत. त्या पावत्यांचीं पुस्तकें आमच्याकडे छापलीं जात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास, मी दहावींत असतांना, गांवांतल्या कांहीं मंडळींच्या आग्रहावरून अण्णा निवडणुकीस उभे राहिले. अर्ज भरण्याच्या आधीं त्यांनीं नगरपालिकेचा हिशेब चुकता केला, आणि यापुढें छपाईचें काम घेणार नाहीं असें पत्र दिलें. आई म्हणाली, "आणि निवडून आलां नाहींत तर?" अण्णा म्हणाले, "तर लग्नपत्रिका छापूं."

ते निवडून आले. घरीं पेढे वाटले गेले, आणि सहा महिन्यांच्या आंत दोन कंपोझिटरांपैकीं एकाला निरोप द्यावा लागला. माझा मोठा भाऊ, दादा, त्या वर्षीं बारावी झाला होता. पुण्यास जाऊन यंत्रविद्येची पदविका घ्यावी असें त्याच्या मनांत होतें. तो गेला नाहीं. त्याला कोणी जाऊं नको म्हटलें नाहीं. दुसऱ्या कंपोझिटरची जागा रिकामी होती आणि तो एके दिवशीं त्या घोडीपुढें उभा राहून खिळे जुळवूं लागला, इतकेंच झालें. आई कधीं कधीं म्हणे, "शपथ यांनीं घेतली, आणि उपास आमच्या कपाळीं आला." अण्णा ऐकून घेत.

दीड वर्षानें, जून महिन्यांत, अण्णा परगांवीं लग्नास गेले असतां नगरपालिकेच्या शाळेचा शिपाई छापखान्यांत आला. ज्याच्याकडे मक्ता होता त्याचें यंत्र बंद पडलें होतें, आणि दोनशें प्रगतिपुस्तकें आठवड्याच्या आंत हवीं होतीं. मुलांचें काम, आणि हातीं दुसरें काम नाहीं, असा विचार करून दादानें तें घेतलें. एकशें चाळीस रुपयांचें बिल त्यानें छापखान्याच्या छापील बिलावरच केलें, आणि त्या बिलाच्या माथ्यावर मालक म्हणून अण्णांचें नांव होतें. अण्णा परत आल्यावर बिलबुक चाळतां चाळतां त्या पानावर थांबले. ते रागावले नाहींत. दुसऱ्या दिवशीं एकशें चाळीस रुपये घेऊन ते खजिन्यांत गेले. पैसे परत घ्यावयाचे ते कोणत्या सदरांत जमा करावे, हें तेथल्या कारकुनास ठाऊक नव्हतें. तीन खेपा घातल्यावर एकदांची पावती मिळाली.

पुढें सहा महिन्यांनीं नव्या मंडईचे गाळे लिलावाशिवाय देण्याचा ठराव सभेपुढें आला. अण्णांनीं त्यास विरोध केला आणि विषय त्या सभेपुरता तहकूब झाला. त्याच आठवड्यांत त्या बिलाची नक्कल जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला: या सभासदाचा नगरपालिकेच्या कामांत हितसंबंध आहे, सबब त्यांची जागा रिकामी झाल्याचें जाहीर व्हावें.

घरीं पुष्कळ मंडळी सल्ला देण्यास आली. त्यांपैकीं एक वकील अण्णांचे बाळमित्र होते. ते म्हणाले, "छापखाना तूं आधींच मुलाच्या नांवें करून दिला होतास, असा कागद करूं. मागल्या तारखेचा स्टॅम्प मिळण्याची व्यवस्था होते." अण्णा म्हणाले, "तसें केलें तर मात्र मी खरोखरीच अपात्र होईन." वकिलांनीं मग दुसरा मार्ग धरला. एखाद्या जिनसेचा नेहमींचा व्यापार करणारानें ती जिन्नस क्वचित्प्रसंगीं थोडक्या किंमतीस नगरपालिकेला विकली, तर तो हितसंबंध समजूं नये, अशी सवलत आपल्याकडील नगरपालिकांच्या कायद्यांत जुनी आहे. मुंबईच्या कायद्यांत तर महापालिकेची जाहिरात छापणाऱ्या वृत्तपत्राच्या मालकालाही मोकळें ठेविलें आहे. प्रगतिपुस्तक ही जिन्नस आहे, असें आमचे वकील म्हणाले. छपाई हें हुकुमानें केलेलें काम आहे, असें प्रतिपक्ष म्हणाला. शाई वाळल्यावर तो माल आणि ओली असेपर्यंत तें काम, अशा थाटाचा वाद बराच वेळ चालला. शेवटीं जिल्हाधिकाऱ्यांनीं अण्णांनाच विचारलें, "हें काम घेतलें कोणीं?"

मी आणि दादा मागच्या बाकावर बसलों होतों. अण्णा म्हणाले, "काम छापखान्यानें घेतलें, छापखाना माझा आहे."

कांहीं महिन्यांनीं निकाल आला आणि अण्णांची जागा गेली. पंधरा दिवसांच्या आंत शासनाकडे अपील करण्याची मुभा होती; त्यांनीं तें केलें नाहीं. मंडईचे गाळे लिलावाशिवाय वांटले गेले, आणि त्यांतला एक ठराव मांडणाराच्या मेहुण्यास मिळाला. मेहुण्याचें नांव वेगळें होतें, त्यामुळें कोणत्याही कलमास बाध आला नाहीं. अण्णांस याविषयीं कोणीं छेडलें तर ते एवढेंच म्हणत, "कलम बरोबर आहे. मीं पैसे खाल्ले कीं नाहीं, हें मला ठाऊक आहे. पण सभेच्या शेवटच्या रांगेंत बसलेल्या माणसाला तें कसें ठाऊक असावें? त्याला शंकाच येऊं नये, म्हणून तें कलम आहे."

मला हें पुष्कळ वर्षें पटलें नाहीं. जो आपलें नांव उघड्यावर ठेवतो तोच ज्या कायद्याच्या हातीं लागतो, त्या कायद्याला बरोबर कसें म्हणावें? पुढें वाचनांत जीं उदाहरणें आलीं, त्यांनीं माझी शंका वाढविलीच. अपात्रतेचें कलम म्हणजे हरलेल्या पक्षाचें दुसरें मतदान, असें आपल्याकडे पुष्कळदां होतें. उरणच्या नगराध्यक्षांस शासनानें पदावरून दूर केलें होतें. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द केला, आणि लोकांनीं निवडलेल्या माणसाला असें सहजासहजीं काढतां येत नाहीं, कारण त्याच्याबरोबर त्याला निवडणारांचाही हक्क जातो, असें बजावलें. जळगांव जिल्ह्यांतील विचखेडा येथील सरपंचबाई सरकारी जागेवरील सासूच्या घरांत राहतात, असा अर्ज झाला आणि त्यांचें पद गेलें. नवऱ्यासह आपण वेगळ्या भाड्याच्या घरांत राहतों, हें त्यांचें म्हणणें कोणी ऐकेना. २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना पद परत दिलें. आणि बाई सरपंच झाली हेंच गांवाला मानवलें नव्हतें, असें स्पष्ट शब्दांत सांगितलें.

आणखी एक विसंगति मला बोंचे. एका सभासदाच्या एकशें चाळीस रुपयांवर कायद्याची इतकी बारीक नजर; पण सबंध सभागृहच नाहींसें झालें तेव्हां ती नजर कोठें होती? घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीचा अंमल १ जून १९९३ पासून आहे. नगरपालिकेची मुदत पांच वर्षें, आणि ती संपण्यापूर्वीं पुढची निवडणूक झाली पाहिजे, असें ती सांगते. तरी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद चालूं असतां महाराष्ट्रांतील नगरपालिका वर्षानुवर्षें प्रशासकांकडे राहिल्या. निवडणुका चार महिन्यांत घ्याव्या असें सर्वोच्च न्यायालयास ६ मे २०२५ रोजीं सांगावें लागलें, आणि मतदान डिसेंबरांत झालें. त्या काळांत कोणा सभासदाचा हितसंबंध निघाला नाहीं, हें खरें. कारण सभासदच नव्हते.

हें सर्व मनांत असतांना, माझ्या विद्यार्थिनीच्या निमित्तानें मीं तें कलम पुन्हां वाचलें, आणि पूर्वीं न दिसलेली एक गोष्ट दिसली. आपला कायदा सभासदाच्या घरांत शिरतच नाहीं असें नाहीं. दोनांहून अधिक अपत्यें असतील तर तो पाळण्यापर्यंत जातो. बेकायदा बांधकाम केलें असेल तर स्वतःनें, पतीनें वा पत्नीनें, किंवा अवलंबून असलेल्या माणसानें केलेलें चालणार नाहीं, असें चव्वेचाळिसावें कलम नांव घेऊन सांगतें. पण मक्त्याची गोष्ट निघाली कीं त्यास आठवण होते ती फक्त 'भागीदारा'ची, आणि भागीदार म्हणजे धंद्यांतला. संसारांतल्या भागीदाराशीं येऊन तो उंबरठ्याबाहेर उभा राहतो. याला कारणही आहे. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या नगरपालिका कायद्याखालीं एक वाद सर्वोच्च न्यायालयापुढें गेला होता. उमेदवाराचा मुलगा नगरपालिकेंत नोकर होता; तेवढ्यावरून बापाचा त्या नोकरींत हितसंबंध आहे काय, असा प्रश्न होता. नुसतें नातें म्हणजे हितसंबंध नव्हे, असें न्यायालयानें ठरविलें. हें योग्यच झालें. बापाची माया कलमांत धरली, तर गांवांत पात्र कोण उरेल?

म्हणजे कायदा ज्या दारापाशीं थांबतो, तेथें तो थांबतो हेंच बरें आहे. पण हितसंबंध मात्र तेथें थांबत नाहीं. तो दाराच्या आंत असतो, रात्रीच्या जेवणाच्या वेळीं पानांपाशीं बसलेला असतो, आणि घरांतल्या प्रत्येकाला तो ओळखतां येतो. म्हणून हें कलम छापलें असलें कायद्याच्या पुस्तकांत, तरी तें पाळावें लागतें घरांत. आणि घरांत तें पाळलें नाहीं, तर बाहेर दिसतें तें केवळ नांवांची अदलाबदल. आमच्या आईचें बोलणें अक्षरशः खरें होतें. शपथ एक जण घेतो, आणि ती पाळण्याची किंमत, ज्यांनीं शपथ घेतली नाहीं त्यांना भरावी लागते. अण्णांनीं भरली त्याहून अधिक ती दादानें भरली. आमच्या घरांत याबद्दल दादाचे आभार कोणीं मानल्याचें मला आठवत नाहीं. मींही नाहीं.

ठरल्याप्रमाणें ती दोन दिवसांनीं आली. मीं तिला आधीं कायदा सांगितला. "दुकान दिराच्या नांवावर झालें, तर कागदावर कदाचित् निभेल. पण घर एक, गल्ला एक आणि चूल एक असली, तर 'अप्रत्यक्ष' हा शब्द त्या कलमांत आहेच, आणि त्याचा अर्थ तुझा विरोधक तुझ्याहून लवकर शोधील. पक्कें उत्तर हवें असेल तर वकिलाला विचार." मग मीं तिला अण्णांची गोष्ट सांगितली. ती लक्ष देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे सर, तुमच्या अण्णांची जागा गेली."

"हो."

"आणि गाळे मेहुण्याला मिळाले."

"हो."

"मग यांतून मीं काय घ्यावें?"

पस्तीस वर्षांच्या अध्यापनांत इतका सरळ प्रश्न मला थोड्याच विद्यार्थ्यांनीं विचारला असेल. गोष्टीच्या शेवटीं तात्पर्य लिहून देण्याची संवय असलेल्या माझ्यासारख्या माणसाला क्षणभर कांहीं सुचेना. मग म्हणालों, "दुकान कोणाच्या नांवावर करावें, हें तूं मला विचारलेंस. तें विचारण्याच्या आधीं, पांच वर्षें नगरपालिकेचें गिऱ्हाईक सोडतां येईल का, हें घरांत सर्वांना एकत्र बसवून विचार. आमच्या घरीं तें कोणीं विचारलें नाहीं. अण्णांनीं ठरविलें आणि आम्ही भरीत राहिलों. त्यांचें ठरविणें चुकलें असें मी म्हणत नाहीं. पण आम्हांला विचारलें असतें, तर दादा 'हो'च म्हणाला असता, आणि मग तें त्याचेंही झालें असतें." ती कांहीं न बोलतां उठली आणि नमस्कार करून गेली.

तीनएक आठवड्यांनीं आमच्या न्हाणीघरांतला नळ गळूं लागला, म्हणून मी तिच्या यजमानांच्या दुकानांत गेलों. त्यांनीं नळ काढून दिला, आणि पैसे घेतां घेतां म्हणाले, "सर, तुमच्या विद्यार्थिनीनें आमचें मोठें गिऱ्हाईक बंद केलें बरें का! आतां पांच वर्षें तुमच्यासारख्यांच्या गळक्या नळांवर काढायचीं." ते हंसत होते, पण तें हंसणें निखळ नव्हतें, आणि मलाही मोड परत घेतांना थोडें अवघडल्यासारखें झालें. मागें बसलेल्या त्यांच्या आईंनीं माझ्याकडे पाहून मान दुसरीकडे वळविली. ती नजर माझ्या ओळखीची होती.

संध्याकाळीं दादाकडे गेलों आणि त्याला हा सारा वृत्तांत सांगितला. दादा आतां साठीला आला आहे. ट्रेडल भंगारांत जाऊनही बरींच वर्षें झालीं. त्या जागीं ऑफसेट आलें, आणि छापखाना त्यानें चांगला नांवारूपास आणला. त्या जूनमधल्या बिलाविषयीं आम्ही दोघे इतक्या वर्षांत एकदांही बोललों नव्हतों. मीं सांगत असतांना तो मुद्रितावरची नजर न काढतां ऐकत होता. माझें बोलणें संपल्यावर त्यानें चष्मा काढला आणि विचारलें, "त्यांच्या दुकानांत बिलें कोण करतो?"

"एक पोऱ्या आहे वाटतें. कां?"

"त्याला आजच सांगून ठेवायला सांग," दादा म्हणाला. "नगरपालिकेच्या शाळेचा शिपाई आला, तर एक खिळाही द्यायचा नाहीं म्हणावें. घरांतल्या सर्वांनीं ठरविलेलें असतें. त्याला मात्र कोणी सांगत नाहीं."